सीमेपलीकडचा पहिला टोल

हर्नडनच्या टोल-कंपनीच्या कचेरीत टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा प्रल्हादाचा ऊर अभिमानाने भरून आला. अमेरिकेतला टोलचा टॅग कॅनडाच्या रस्त्यांवरही चालावा, यासाठी त्याने रक्ताचे पाणी केले होते. आज यंत्रणा सुरू झाली आणि सीमेपलीकडच्या गाड्यांच्या नोंदी पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकू लागल्या.

"पेढे कुठायत, प्रल्हाद?" सहकारी सलोनीने टोमणा मारला. "आज तरी कंजूसपणा कॅन्सल कर, यार!"

तो हसला, आणि ते हास्य ओठांवरच विझले. त्याला आपल्या धाकट्या बहिणीचे स्मरण झाले.

नवऱ्याच्या माराला विटून सुलभा लेकीला, केयाला, घेऊन पार्सिपनीच्या घरातून कॅनडात निघून गेली होती. तीही टोलचे रस्ते टाळून. टोरांटोजवळचे तिचे बिऱ्हाड एकट्या प्रल्हादाला ठाऊक होते. गाडी तिच्या नावावर होती, परंतु काचेवरचा टॅग नवऱ्याच्या खात्यातला. तो काढू का, असे तिने विचारले असता प्रल्हादच उद्गारला होता, "काच कशाला खरवडतेस? तिकडे तो नुसता प्लास्टिकचा तुकडा." पुढे यंत्रणेच्या धांदलीत तो ते साफ विसरून गेला होता.

तो तिला फोन लावणार, तोच सुलभाच्या नवऱ्याचा, शंतनूचा, फोन आला.

"अभिनंदन, मेहुणे! सिस्टीम झकास चालते हो तुमची. आत्ताच टोलचा मेसेज आला. हायवेच्या कुठल्या एक्झिटला उतरली सुलभा, तेसुद्धा दिलंय."

"शंतनू, तो टेस्टचा मेसेज असेल..."

"खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला. मी एअरपोर्टला निघालोय. त्या एक्झिटवर उभा राहीन; रोजचीच वाट असणार तिची. कळवू नका हं, सरप्राइज आहे."

प्रल्हादाने लगेच बहिणीला फोन लावला.

"सुलू, घरी जाऊ नकोस. तो टॅग फेकून दे. शंतनूला तुझी एक्झिट कळली. आमची यंत्रणा आज सुरू झाली, आणि मी मूर्खासारखा..."

पलीकडे सुलभाने गाडी कडेला थांबवल्याचा आवाज आला.

"पोलिसांना कळव," तो कळवळून म्हणाला.

"मागच्या वेळी कळवलं होतं की." तिचा स्वर कोरडा होता. "केयाला शाळेतून घेते आणि तशीच निघते. सामान राहू दे."

"कुठे जाशील?"

"तुला नाही सांगणार, दादा," सुलभा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.