चौथा रकाना

वेळापत्रकाच्या कागदामागून बोलतोय मी. मी एक पांढरा फळा. लोहाऱ्याच्या एका शाळेत जिन्याखालच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहितात आणि उरलेल्या अंगावर चाचणीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. माझ्यासमोर कोणी थांबत नाही. वेळापत्रक सगळ्यांना पाठ झालं आहे.

तरी सकाळचे साडेनऊ वाजले, की मला वाटतं, आता ते चौघं येतील.

मला इथल्याच औद्योगिक वसाहतीत उकंडा मिस्त्रींनी बनवलं. प्लायवूडवर पांढरा सनमायका बसवला, कडेने सागाची पट्टी ठोकली. डावीकडची पट्टी थोडी ढिली राहिली. "राहू दे, भिंतीवर टांगल्यावर कोन पाहते?" असं म्हणून त्यांनी मला अनघाताईंच्या हवाली केलं.

अनघाताईंचं ऑफिस दोन खोल्यांचं होतं. साल २०१७. त्या वर्षी कपाशीची बोंडं बाहेरून हिरवीगार दिसत आणि फोडली की आत गुलाबी अळी निघे. शेतातल्या सापळ्यांत रोज या अळीचे किती पतंग पडतात ते मोजायचं, आणि आकडा वाढला की त्या गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवायचा, हे या चौघांचं काम. इशारा वेळेत मिळाला तर अळी लागलेली मिटकी फुलं, ज्यांना डोमकळ्या म्हणतात, ती तोडून टाकता येतात. उशीर झाला की अळी बोंडात शिरते. मग काही करता येत नाही.

अनघाताई पुण्याहून कामाची नवी पद्धत शिकून आल्या होत्या. दोन आठवड्यांची एक फेरी, ठरलेली कामं तेवढ्यात संपवायची. रोज सकाळी माझ्यासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. माझ्यावर तीन रकाने आखले होते: करायचं, सुरू आहे, झालं. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकायची.

पहिल्याच दिवशी अनघाताई म्हणाल्या, "काम सुधारायचं तर आधी आपण थोडं सुधारू. प्रत्येकाने स्वतःची एक सवय लिहायची. बदलायची अशी."

उर्वशी इशारा पाठवणारा प्रोग्राम तपासायची आणि दिवसभर बोलायची. तिने लिहिलं, 'दुसऱ्याचं बोलणं मधे तोडणार नाही.'

"हे तं तुह्या हातून याच जन्मी होत नाही," देवरावकाका म्हणाले.

"काका, तुम्हीच माझं बोलणं तोडून राह्यले ना!"

देवरावकाका साठीचे. गावोगाव मोटारसायकलने फिरून सापळे मोजायचे. त्यांनी लिहिलं, 'होऊन जाईल असं म्हणणार नाही.' आणि चिठ्ठी चिकटवता चिकटवता म्हणाले, "होऊन जाईल." सगळे हसले.

अवधूत प्रोग्राम लिहायचा. फुलसावंगीचा मुलगा, खाली मान घालून बोलणारा. त्याने चिठ्ठी लिहिली, पण चिकटवली नाही. सगळे चहाला गेल्यावर ती घडी करून माझ्या ढिल्या पट्टीत सरकवली. फक्त मला माहीत होतं तिच्यावर काय आहे: 'अडलो तर त्याच दिवशी सांगीन.'

अडचण अशी होती, की आकडे रोज फोनवर कळवायचं ठरलं होतं, आणि काका ते वहीत लिहून शनिवारी आणायचे. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत 'तुमच्यामुळे थांबलंय' कसं म्हणायचं? अवधूत रोज सकाळी म्हणायचा, "सुरू आहे." फुलसावंगीचे आकडे भरायची चिठ्ठी मधल्या रकान्यात नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी, बुधवारी, फेरी संपत होती. त्याने मागच्या आठवड्याचेच आकडे भरले, शनिवारी बदलू असं मनाशी म्हटलं आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली. लावताना त्याचा अंगठा ओला होता.

मला ओरडावंसं वाटलं. पण फळ्याला दुसऱ्याने लिहिलेलंच बोलता येतं.

प्रोग्रामला जुन्या आकड्यांत धोका दिसला नाही. शनिवारी काकांची वही आली तेव्हा कळलं, की फुलसावंगीचे सापळे चार दिवसांपासून भरत होते. इशारा त्या दिवशी गेला. सोमवारी सगळे माझ्यासमोर उभे असतानाच अवधूतचा फोन वाजला. त्याची आई, कौसल्याबाई. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला.

"बाबू, डोमकळ्या तोडाचा मेसेज परवा कुठं आला रे. दहा बोंडं फोडली, सहात अळी निंगाली. तुले मालूम नव्हतं काय?"

अवधूतने फोन खिशात टाकला. मग त्याने माझी पट्टी वाकवली, ती घडी काढली आणि उघडून सगळ्यांपुढे धरली.

उर्वशीने ती मोठ्याने वाचली.

"मी रोज 'झालं का' विचारलं," अनघाताई हळूच म्हणाल्या. "'कुठं अडलं' असं एकदाही विचारलं नाही."

देवरावकाका पुढे आले. खिशातला, सापळ्यांवर नंबर टाकायचा पेन काढून त्यांनी माझ्यावर चौथा रकाना आखला आणि वर वाकड्या अक्षरात लिहिलं, 'अडलं'.

"पयली चिठ्ठी माह्याच नावाची लाव. अन् काहून गा, मले सांगाले भेलास? मी काय तुले खातो?"

"काका, हा पेन पुसल्या जात नाही!" उर्वशी म्हणाली.

"मंग बरंच झालं."

काका त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आकडे कळवू लागले. पुढच्या फेरीत चौथ्या रकान्यात आधी एक, मग पाच चिठ्ठ्या आल्या. एक तर अनघाताईंचीच होती. मुकुटबन गावच्या सापळ्यांत पतंग वाढू लागले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला इशारा गेला. तिथल्या बायांनी तीन दिवस डोमकळ्या वेचल्या. अवधूतने आईला फोन करून ते सांगितलं. कौसल्याबाई म्हणाल्या, "त्याइचं तं वाचलं."

पुढे दोन वर्षांनी ते काम बंद झालं. उर्वशी वर्ध्याला गेली, अवधूत पुण्याला. अनघाताईंनी मला या शाळेला दिलं. निघताना अवधूतने ती घडी पुन्हा माझ्या पट्टीत ठेवली. अजून आहे.

इथे काकांचा शब्द पुसायला सरांनी खोबरेल तेल लावलं, रॉकेल लावलं. तो गेला नाही, म्हणून त्यावर वेळापत्रक चिकटवलं.

मुलांनो, मी रोज तुम्हाला पाहतो. सर विचारतात, "समजलं का?" आणि तुम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणता. मला तो सूर ओळखीचा आहे. कधी साडेनऊच्या सुमारास जिन्याखाली याल, तर या कागदाचा खालचा कोपरा जरा उचला. आत एक शब्द आहे, आणि त्याच्याखाली भरपूर जागा रिकामी आहे.