पेपरावर वाळत घातलेली माती

ताटलीवर चमचा टणकन आपटला आणि घरातली शांतता मोडली. सकाळच्या भांडणानंतर मोठ्यांपैकी कोणी तोंड उघडलं नव्हतं. चिमी तेवढी खिडकीखाली मातीचा स्वयंपाक मांडून बसली होती.

भांडण लागलं ते माती तपासणीच्या कार्डांवरून. दमलेल्या जमिनीला सरकार तीन वर्षं शेणखत आणि हिरवळीच्या खताचं बियाणं देणार होतं. चिमीच्या आईच्या शेतात तर तणसुद्धा लाजत उगवायचं. पण कार्ड म्हणे, माती कसदार, मदत मिळणार नाही. बांधापलीकडच्या दिराचं शेत मात्र यादीत. आणि दोन्ही शेतांच्या मातीच्या पिशव्या कचेरीत नेल्या होत्या त्यानेच.

"पिशव्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्यात भाऊजींनी," ती नवऱ्याला म्हणाली होती.

"अगं, सख्खा भाऊ आहे माझा!"

"म्हणून तर पिशवी देताना आपण गाठसुद्धा पाहिली नाही."

तेवढ्यावर थांबती तर बरं. पण दीर दारात आला आणि तिच्या तोंडून 'चोर' निघून गेलं. तो काही बोलला नाही, चपला घालून चालता झाला. अपराधी माणूसच असा गप्प बसतो, असं तिने मनाशी धरलं.

"आई, जेवायला ये." चिमीने ताटली पुढे केली. वर काळीभोर, भुसभुशीत माती.

"कुठली गं ही?"

"कुंडीतली. तुझी पेपरावरची काही कामाची नव्हती. नुसती ढेकळं!"

तिचा हात थबकला. तपासणीसाठी शेतात आठ ठिकाणी खणून आणलेली माती तिने याच खिडकीखाली चार दिवस सावलीत वाळवली होती.

"पेपरावरची तू घेतलीस?"

"थोडीच. मग सगळी. पण कुंडीतली तेवढीच परत ठेवली हं! ओरडशील?"

भाजीचे देठ आणि चहाचा चोथा खाऊन माजलेली ती कुंडी. तिची माती कसदार निघणार नाही तर काय!

"नाही ओरडत." तिने पदराने लेकीच्या नाकावरची माती पुसली. कचेरीत खरं सांगून नवी पिशवी देता येईल. पण बांधापलीकडे आधी जायला हवं. ती चपला शोधू लागली.

"कुठे चाललीस?"

"काकाकडे."

चिमीने चमचा खाली ठेवला. "आई, माती तर मी घेतली होती. मग काकाला तू चोर का म्हणालीस?"