एका वेळेपुरता नवा

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी बंगळूरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र ओळखू येत नाही. एरवी जिथे लोखंड लोखंडाला कापत असते, तिथे त्या दिवशी शेवंतीचा आणि ओल्या फरशीचा वास दरवळतो. दारांना केळीचे खुंट बांधलेले असतात, आणि लेथ न्हाऊमाखू घातलेल्या मुलांसारखे ओळीने गप्प उभे असतात. यशोवर्धनला ही शांतता आवडली. माणसांच्या घोळक्यात त्याचा शब्द नेहमी घशातच अडे. बंद यंत्रांच्या सोबतीत बोलण्याची सक्ती नव्हती.

तो मूळचा निपाणीचा. एचएसआर लेआउटमधल्या एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करणारा. आज खंडोजीरावांच्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तो पहिल्यांदाच एकट्याने काम करणार होता. काम सांगायला सोपे होते: सर्व्हरचा कर्नेल बदलायचा. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. बाकी सारे सॉफ्टवेअर त्याच्याच खांद्यावर उभे असते आणि यंत्राशी त्याच्याच तोंडून बोलते. इथला कर्नेल इतका जुना झाला होता की त्यातली सुरक्षेची भोके बुजवणारेही आता कुणी उरले नव्हते. कारखान्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने निरोप धाडला होता, की दसऱ्यानंतर आमची माणसे तपासणीला येतील; तोवर सर्व्हर सुधारला नसेल, तर आमची ड्रॉइंग्ज तुमच्याकडे राहणार नाहीत. ड्रॉइंग्ज नाहीत म्हणजे काम नाही, हे खंडोजीरावांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरीही ते कचरत होते, आणि त्याला कारण होते. काचेच्या खोलीतल्या त्या सर्व्हरवर कन्नडमध्ये लिहिलेली एक पट्टी डकवलेली होती: ‘मुट्टबेडी’, हात लावू नका. मागे एका माणसाने असाच कर्नेल बदलताना जागा मोकळी करण्यासाठी जुना पुसून टाकला होता. नवा उठला नाही, आणि परतायला जुना उरला नव्हता. कारखाना कितीतरी दिवस मुका पडला. पट्टी तेव्हापासूनची.

खंडोजीरावांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन रुजलेले. त्यांच्या मराठीला कन्नडची फोडणी असे.

“तम्मा,” कन्नडमध्ये धाकट्या भावाला घालतात तशी साद घालून ते स्टूल ओढून बसत म्हणाले, “त्या पोरालासुद्धा मी हेच विचारलं होतं. सगळं सरी होईल ना? तो म्हणाला, टेन्शन घेऊ नका सर. मग त्यानं घेतलंच नाही. ते सगळं माझ्या वाट्याला आलं.”

यशोवर्धन हसला नाही. उत्तर मनात जुळवायला त्याला नेहमीच वेळ लागे.

“अण्णा, जुना मी काढणार नाही. नवा त्याच्या शेजारी बसवलाय. सर्व्हरला सांगून ठेवतो, फक्त या एका वेळेपुरता नव्यावर उठ. तो नीट उठला नाही, तर बंद करून पुन्हा चालू करायचं. आपोआप जुन्यावरच उठेल.”

“म्हणजे नवी सून आणली, पण सासूला काशीला धाडली नाही!”

“तसंच म्हणा.”

“बरं. पण दुपारी पुरोहित यायच्या आत उरक. एकदा पूजा झाली, की उद्यापर्यंत कुठल्याही आयुधाला हात लावायचा नाही. सर्व्हरलापण नाही. परवा लेथ फिरायला लागले, की मी कुणालाही इथे फिरकू देणार नाही.”

मूठभर वेळ होता. पण यशोवर्धनची तयारी मूठभर नव्हती. सगळ्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढलेली होती. लेथ आणि सर्व्हर यांच्यात संभाषण घडवणारे एक जुने कार्ड होते. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलला ते कार्ड ओळखायला लावणारा प्रोग्राम, नव्या कर्नेलसाठी त्याने आठवडाभर खपून नव्याने बांधला होता. काल संध्याकाळी इथे येऊन त्याने प्रत्येक गोष्ट डोळ्यांखालून घातली होती. सर्व्हर उठलाच नाही तर लांबून हात पोहोचत नाही, म्हणून आज तो स्वतः हजर होता.

त्याने आज्ञा दिली. स्क्रीन काळी झाली.

या काळोखाची त्याला सवय होती, तरी प्रत्येक वेळी तो नवा वाटे. कुणीतरी विहिरीत उतरावे आणि काठावरच्याने नुसता दोर धरून उभे राहावे, तसे. मग एक ओळ उमटली, तिच्यामागून दुसरी. नव्या कर्नेलच्या आवृत्तीचा आकडा झळकला. सर्व्हर उठला होता.

“मंजुनाथ, एक लेथ सुरू कर,” खंडोजीरावांनी हाक दिली. मंजुनाथ कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. बाहेर लेथ घुमू लागला. पण स्क्रीनवर जिथे त्याचा वेग दिसायला हवा होता, तिथली रांग रिकामीच राहिली. सर्व्हरला कार्ड दिसतच नव्हते.

“झालं,” खंडोजीराव म्हणाले. त्या एका शब्दात मागचे सगळे दिवस होते.

ड्रायव्हर उसकटून बघण्याचा मोह यशोवर्धनला झाला. आठवडाभराचे कष्ट होते ते. पण अनोळखी जमिनीवर उभे राहून चूक शोधत बसायचे नाही, हा त्याचा नेम होता.

“मी परत जातो.”

“परत? म्हणजे हरलास?”

“नाही अण्णा. परत जाता येतं, म्हणूनच तर निघालो होतो.”

पुन्हा काळोख. सर्व्हर जुन्या कर्नेलवर निमूटपणे उठला. लेथ घुमत होता, आणि रांग अजूनही रिकामी होती.

खंडोजीरावांनी कपाळाला हात लावला. “आता जुनंही गेलं! सगळंच गेलं!”

त्याच वेळी यशोवर्धनचा फोन वाजला. त्याची वरिष्ठ हर्षिता; पुण्याची, अर्धे वाक्य इंग्रजीत बोलणारी.

“यशो, स्टेटस काय?”

“नव्यावर कार्ड दिसत नाही.”

“मग रोलबॅक कर.”

“केला. जुन्यावरही दिसत नाही.”

“वेट. दोन्हीवर नाही? आणि तू हसतोयस का?”

आपण हसतो आहोत हे यशोवर्धनला तोवर कळले नव्हते. जुना परत आला नसता, तर सारा दोष नव्याच्या माथी बसला असता. जुन्याने मुकाट्याने साक्ष दिली होती. काल संध्याकाळी जुन्याला कार्ड दिसत होते, आज दिसत नाही. म्हणजे गोष्ट कर्नेलची नव्हतीच.

त्याने सर्व्हरकडे प्रथमच नीट पाहिले. स्क्रूच्या खाचेतसुद्धा धूळ नव्हती.

“मंजुनाथ,” तो दाराकडे वळून कन्नडमध्ये म्हणाला, “सर्व्हर आज फारच झळकतोय.”

मंजुनाथचा चेहरा फुलला. “सकाळी बंद करून उघडला सर, आतून पुसला. पूजेला बसायचा तर अंगावर धूळ कशी चालेल? ते कार्डसुद्धा काढून ब्रशनं साफ केलं. चांदीसारखं…” बोलता बोलता त्याची नजर स्क्रीनवरच्या रिकाम्या रांगेकडे गेली.

“अरे, ही पट्टी वाचता येत नाही तुला?” खंडोजीराव उठलेच.

“येते की अण्णा. पण पट्टी इतर दिवसांसाठी ना? आज सगळ्या मशिनी न्हाल्या. ही एकटीच पारोशी ठेवायची?”

खंडोजीराव पट्टीकडे पाहू लागले. तेवढ्यात यशोवर्धन बोलला. त्याच्या मानाने मोठ्याने. “अण्णा, चूक माझी. सुरू करण्याआधी आज पुन्हा तपासायला हवं होतं. कालच्या पाहण्यावर विसंबलो.”

त्याने सर्व्हर बंद केला, झाकण काढले. कार्ड आपल्या खाचेत एका बाजूने किंचित तिरके बसले होते. यशोवर्धन बाजूला सरकला.

“तुम्हीच बसवा, मंजुनाथ. तुमच्या हातचं आहे.”

मंजुनाथने श्वास रोखून कार्ड दाबले. खट्ट झाले. जुन्या कर्नेलवर सर्व्हर उठला, आणि रांगेत आकडे धावू लागले. मग पुन्हा एकदा, एका वेळेपुरता, नवा. या वेळी काळोखाकडे तिघेही पाहत होते. आकडे आले. यशोवर्धनने एक ड्रॉइंग उघडले, मंजुनाथने लेथवर पितळेचा एक तुकडा कापला, आणि प्रत्येक कापाची नोंद सर्व्हरने बिनचूक घेतली.

बाहेरून कुणीतरी ओरडले, “पुरोहित आले!”

“त्यांना स्वल्प कॉफी द्या,” खंडोजीराव दाराकडे न बघता म्हणाले. “तम्मा, आता पक्कं कर.”

नवा कायमचा झाला. खात्रीसाठी आणखी एकदा सर्व्हर झोपला आणि नव्यावरच उठला.

“आणि जुना?”

“राहील शेजारी. नव्यानं कामाचे दिवस निभावून दाखवले, की मग बघू.”

पूजा झाली. दारापाशी कुंकू माखलेला कोहळा फुटला, गाड्यांच्या चाकांखाली लिंबे ठेवली गेली. सर्व्हरला गंध लावण्याची वेळ आली, तेव्हा खंडोजीरावांनी तबक यशोवर्धनपुढे धरले. तो संकोचला, सगळे कामगार पाहत होते. मग त्याने थंड पत्र्यावर बोट टेकवले. पट्टी सोलून काढावी का, असे त्याने नजरेनेच विचारले.

“राहू दे,” खंडोजीराव म्हणाले. “ती दुसऱ्यांसाठी आहे.”

परतताना मेट्रोत त्याच्या मांडीवर कडलेपुरीचा, फुटाणे घातलेल्या चुरमुऱ्यांचा पुडा होता. खोलीवर हे सांगायला कुणी नव्हते, आणि सांगायचे तरी काय? सर्व्हर काल चालत होता, आजही चालतो आहे. त्याच्या कामाचे यश असे बिनचेहऱ्याचे असे. एरवी या विचाराने त्याला उदास वाटत असे. आज मात्र मंजुनाथच्या हाताखाली झालेला तो खट्ट आवाज त्याच्या कानांत होता, आणि बोटावरचे गंध त्याने अजून पुसले नव्हते.

दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी खंडोजीरावांचा फोन आला. मागे लेथ गर्जत होते.

“आले होते ते लोक. आकडा बघितला, सगळं तपासलं. ड्रॉइंग्ज आपल्याकडेच राहणार. विचारत होते, कुठल्या मोठ्या कंपनीकडून केलंत?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, आमच्या तम्मानं केलं.”

यशोवर्धन मनात उत्तर जुळवू लागला. पण खंडोजीरावांना घाई नव्हती. ते फोन धरून राहिले, आणि दोघेही काही वेळ लेथ ऐकत बसले.