निळ्या फियाटचं बॉनेट

मी बोलतेय. सुप्याला, एसटी स्टँडच्या अलीकडे, रंगनाथ हवालदाराच्या दारात जी निळी फियाट उभी असते ना, तीच मी. पुण्याहून नगरला जाताना तुम्ही मला पाहिलं असेल. पाहून हसलाही असाल. माझ्या बॉनेटकडे बघून हल्ली सगळेच हसतात. हसा, पण आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. आधी अस्तराचा तांबडा हात, त्यावर निळ्या रंगाचे हात, एकावर एक. तुम्हाला वाटतं रंग म्हणजे जाडजूड काहीतरी असेल. नाही हो. पोस्टकार्डाच्या जाडीएवढासुद्धा नसतो तो. तेवढ्यावर मी ऊन, पाऊस, चिखल सगळं सोसायचं.

पहिली अकरा वर्षं मी नगरला एका डॉक्टरांकडे होते. त्यांचा ड्रायव्हर सहादेव. अबोल माणूस, पण हाताला समज होती. तो मला आधी सावलीत घ्यायचा. मग दोन बादल्या पाणी अंगावरून सोडायचा, कारण अंगावर धूळ असताना फडकं फिरवलं की ती धूळच कानशीसारखी घासते. पाणी निथळलं की मऊ कातड्याने पुसायचा. पॉलिश म्हणाल तर वर्षातून एकदा, दसऱ्याला, तेही बोटभर मेणाचं. अकरा वर्षांत माझ्या अंगावर एक ओरखडा आला नाही. तेव्हा मला वाटायचं, सगळीच माणसं अशी असतात.

डॉक्टरांची नजर गेली, गाडी काढून टाकायचं ठरलं आणि मला रंगनाथने घेतलं. तो नुकताच फौजेतून सुटून आला होता. बावीस वर्षं नोकरी. माझी किल्ली हातात पडली तेव्हा त्याने बायकोला, भीमाबाईला, पुढे बसवलं आणि सुप्याला येईपर्यंत दहा वेळा तरी म्हणाला असेल, "बावीस वरीस दुसऱ्याच्या गाड्या चकाचक ठेवल्या. ही आपली हाय. आपली!"

ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

सुपा-नगर, सुपा-पारनेर अशा सवाऱ्या मी करू लागले. वर्ष बरं गेलं. मग पाऊस गेला तो गेलाच. दुसऱ्या वर्षीही आला नाही. शेतं उघडी पडली, विहिरी तळाला गेल्या, जिकडे तिकडे दुष्काळी कामं निघाली. सुप्याच्या माळावर पाझर तलाव खोदायला घेतला, रस्त्याच्या कडेला माणसं दिवसभर खडी फोडत बसू लागली. ती सगळी धूळ माझ्या अंगावर. भीमाबाई दोन मैलांवरून दोन हंडे आणायची, त्यात माणसं आणि एक म्हैस. मला कोण पाणी देणार? आणि मागू तरी कुठल्या तोंडाने? उन्हाने माझा रंग पिठूळ झाला. दारावरून बोट फिरवलं तर बोटाला निळी पूड लागायची.

सवाऱ्याही आटल्या. कामावर दगड फोडणारा माणूस मोटारीत कशाला बसेल? रंगनाथ दिवसचे दिवस स्टँडवर मला उभी करून बसायचा.

अशात एका गुरुवारी तलावाच्या कामावरचा मुकादम गोरक्षनाथ आला. म्हणाला, "हवालदार, सोमवारी इंजिनिअरसाहेब येनार हायेत. कामं तपासायला त्यांना म्हैन्यानं गाडी लावायचीय. तुमची दावा की. फकस्त जरा चमकवून ठेवा. असली मळकी बघून साहेब बसायचं न्हाईत."

झालं. रंगनाथच्या अंगात फौज संचारली. साहेब तपासणीला येणार म्हटलं की चकाकी आली पाहिजे, एवढंच त्याला बावीस वर्षांत शिकवलं होतं.

शुक्रवारी मला घेऊन तो नगरला गेला. मोटारीच्या सामानाचं एक दुकान, गल्ल्यावर काकासाहेब नावाचे मालक. मला दारातच उभं केलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"गाडी चमकवायला सगळ्यात कडक काय हाय?" रंगनाथने विचारलं.

"कडक?" काकासाहेब बाहेर येऊन माझ्या दारावरून बोट फिरवून म्हणाले, "रंग मूळचाच आहे ना? मग कडक नको. हा बारीक कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या लेपाचा, डबा न्या, आणि वरून लावायला हे मेणाचं पॉलिश. आधी स्वच्छ धुवा. सावलीत घ्या. एखाद्या लपलेल्या जागी करून बघा, मगच पुढे जा."

"आन् त्यो मोठा डबा कशाचा?"

"तो जाड कंपाउंड. नवा रंग मारला की त्याचा खडबडीतपणा काढायला वापरतात. तुमच्या कामाचा नाही."

"कडक त्योच ना पन?"

"कडक तोच."

"द्या मग. सोमवारपोतूर काम व्हायला पायजे."

मी तिथे रस्त्यात उभी. आतल्या आत नुसती तडफडत होते. अहो, एवढं जाणतं माणूस समजावून सांगतंय, आणि तुम्ही 'कडक' एवढा एकच शब्द धरून बसलात? काकासाहेबांनी तरी बारीक डबा आणि मेणाची डबी पिशवीत घातलीच. "असू द्या. नाही लागलं तर परत आणा," म्हणाले. रंगनाथने ती पिशवी डिकीत टाकली आणि मोठा डबा मात्र मांडीवर घेऊन मला घरी आणलं.

शनिवारी सकाळी त्याने एक पोतं आणि जुन्या खाकी विजारीचा पाय घेतला. मला भर उन्हात उभं केलं. मग भीमाबाईला हाक मारली, "दोन बादल्या पानी दे गं."

ती बाहेर आली. डोक्यावरची चुंबळ अजून काढली नव्हती. "कशाला?"

"गाडी धुवाया."

"अवो, म्हशीला तोंड बुडवाया पानी न्हाई, आन् गाडीला अंगूळ?"

"साहेबांनी लावली तर म्हैना सुरू हुईल. तुला खडी फोडाया जावं लागायचं न्हाई."

भीमाबाई हंड्यावर ताटली झाकून आत गेली. ती चुकली असं मी म्हणणार नाही. पण पाणी नाही तर घासायचंच नाही, हे त्याला कळायला हवं होतं की नाही?

नाही कळलं. त्याने पोत्याने माझ्यावरची धूळ झटकली, झटकली कसली, घासलीच, आणि बॉनेटवर त्या जाड कंपाउंडचा मोठा गोळा ठेवून खाकी कापडाने रगडायला सुरुवात केली. पत्रा उन्हाने तापलेला. कंपाउंड लागलीच वाळायचं, तो आणखी जोर लावायचा. कपाळाचा घाम टपटप माझ्यावर पडत होता. मधूनच फडकं उचलून बघायचा. निळं झालेलं फडकं बघून खूश व्हायचा. "मळ निघतोय बघ!" म्हणायचा.

अहो हवालदार, मळ नव्हे तो. मी आहे ती!

बॉनेटच्या मधोमध जी उंच धार आहे ना, तिथला रंग मुळात पातळ. दुपारी बारा वाजता तिथून तांबडं अस्तर वर आलं. आधी रेघेएवढं. ते पुसून जाईल म्हणून तो तिथेच आणखी घासत राहिला. रेघेचा तळहाताएवढा डाग झाला. मग दुसरा. मग त्याचा हात थांबला.

बराच वेळ तो डागाकडे बघत उभा होता. मग फडकं खाली टाकून ओट्यावर जाऊन बसला. जेवला नाही. मला इतका राग आला होता, पण त्याचे खांदे बघून तो राग कुणावर काढावा तेच समजेना. मारून टाकणारा माणूस वैरी असता तर सोपं होतं.

रविवारी सकाळी भीमाबाई एकटीच माझ्याजवळ आली. हातात अर्धी बादली पाणी.

"कुठलं पानी?" रंगनाथ ओट्यावरून म्हणाला.

"माज्या अंगुळीचं. आज न्हाई केली."

तिने डिकी उघडली, पिशवीतला बारीक डबा काढला. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याचा एक तुकडा ओला केला आणि डावं दार हलक्या हाताने पुसून घेतलं, वरून खाली, वरून खाली. मग रंगनाथला ढकलायला लावून मला लिंबाच्या सावलीत घेतलं. दार उघडून आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कणभर कंपाउंड लावून बघितलं.

"तिथं कशाला?" रंगनाथने विचारलं.

"नवं लुगडं धुताना आदी पदराचं टोक भिजवून बगत्ये मी. रंग जातुया का न्हाई ते कळतं. समदंच भिजवलं तर मग रडायचं."

रंगनाथने तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

पिठूळपणा गेला की ती थांबायची. तेवढंच. कडांना तर हातच लावत नव्हती. शेवटी मेणाचं पॉलिश, आणि कोरड्या फडक्याने पुसणं. सहादेव सोडून दुसऱ्या कुणाचा असा हात मला लागेल असं वाटलं नव्हतं. पुढचं डावं दार झालं, मागचं झालं, चाकावरचा पत्रा झाला. त्यात लिंबाची पानं दिसायला लागली. आणि बादली संपली. उजवी बाजू तशीच राहिली.

सोमवारी दहाच्या सुमारास साहेब आले. बरोबर मुकादम, आणि कामावरची दहा-बारा माणसं. साहेब डाव्या बाजूने आले. दारापाशी थांबले.

"वा! हे घरी केलंत? कोणी केलं?"

भीमाबाई उंबऱ्यात उभी होती. रंगनाथने छाती पुढे काढली. "म्या, साहेब."

माझ्या मडगार्डात तिचा चेहरा दिसत होता मला. तिने पदर ओढून घेतला, बस.

साहेब पुढून वळले. बॉनेट बघितलं. मुकादम म्हणाला, "हिला कोड फुटलंय जनू!" सगळी माणसं खदाखदा हसली. साहेबही जरा हसले. "हवालदार, मागचं दार इतकं सुरेख करणाऱ्या माणसाने पुढे असं कसं केलं?"

रंगनाथचे दोन्ही हात खाली गेले, टाचा जुळल्या. दहा-बारा माणसांदेखत तो म्हणाला, "साहेब, खोटं बोललो. त्या बाजूचं काम आमच्या मंडळींनी केलं. बॉनेट म्या घालवलं."

हसणं थांबलं. साहेबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"बरं झालं सांगितलंत. पण हवालदार, रंगाचा प्रश्नच नव्हता. तिकडे नुसती खडी आहे, मला जीपच लागणार. मी मुकादमांना शुक्रवारीच कळवलं होतं."

गोरक्षनाथ मुकादम जमिनीकडे बघू लागला. साहेब निघून गेले, माणसंही गेली.

म्हणजे काय? ते ऊन, ते पोतं, तिची न केलेली अंघोळ, माझं बॉनेट, सगळं कशासाठी? एक निरोप नीट पोचला असता तर! मला हॉर्न आहे, पण तो वाजवायला माणसाचं बोट लागतं. नाहीतर मुकादमाच्या कानाशी चार दिवस वाजवला असता मी.

रंगनाथ उंबऱ्यापाशी गेला. म्हणाला, "तुजं नाव आदीच घ्यायला पायजे हुतं."

"घेतलं की," भीमाबाई म्हणाली. "चला, भाकरी खावा. परवापासनं धड खाल्ली न्हाई."

तिसऱ्या दिवसापासून ती खडी फोडायला जाऊ लागली. मी सवारी मिळेल तेव्हा नगरला जाते. बॉनेटवर तांबडे डाग, डावी बाजू चकचकीत, उजवी पिठूळ. पोरं मला 'तीन रंगी' म्हणतात.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर एवढंच मागणं आहे. डबा उघडायच्या आधी तिच्या अंगावरची धूळ पाण्याने जाऊ द्या. पाणी नसेल तर ती मळकीच बरी. माझा रंग घासला की गेला. तुमच्या कातडीसारखा परत येत नाही.

आज सकाळीच रंगनाथ माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने आत हाक मारली, "अगं, या दाराला थोडं लावून बगू का?"

"पाऊस पडंस्तोवर न्हाई," आतून उत्तर आलं. "पानी आलं की म्या सांगते."

तो "बरं" म्हणाला, पण गेला नाही. पिठूळ दारावर तळहात टेकवून तसाच उभा राहिला, नगरच्या बाजूच्या आभाळाकडे बघत.

असू द्या, हवालदार. हात ठेवा. नुसता ठेवा. घासू नका.