किती लांब ते कळलं, पण कुणीकडे?

मित्रांनो, माझ्या पोटात एकच सुई आहे, पण माझा तोरा विचारू नका. मी धानोऱ्याच्या जंगलात हाडं झिजवलेलं पितळी होकायंत्र. घडलो कारखान्यात, पण शहाणा झालो ते वनरक्षक देवाजींच्या खिशात. मोठे साहेबही मला विचारल्याशिवाय बांबूच्या रानात पाऊल टाकत नसत. मग मोबाईल आले, देवाजी निवृत्त झाले आणि मी तंबाखूच्या डबीशेजारी पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

पुढे देवाजींनी मला शेजारच्या दिव्यानीला दिलं. ती अकरावीला विज्ञान शिकते. "वस्तुमान, वेळ, अंतर या अदिश राशी, नुसता आकडा पुरतो. विस्थापन, बल या सदिश, आकड्यासोबत दिशाही लागते," असं घोकत ती मला फिरवत बसायची.

चैत्रात तिची आई सोमारी मोहफुलं वेचायला गेली. भर दुपारी तिचा फोन आला. "तळ्यापासून दोन किलोमीटर आत हावो. पाय मोडला. पाणी सरलं..." तेवढ्यात फोन बंद पडला. अशा उन्हात पाण्यावाचून जीव जायला वेळ लागत नाही. तळ्यावर जमलेली माणसं बाटल्या घेऊन वाट फुटेल तिकडे निघाली.

"थांबा जी," दिव्यानी म्हणाली. "दोन किलोमीटर, पण कुठी? तळ्याच्या चारही बाजूंनी जंगलच आहे."

मोहाखालचा पाला जाळायला वेचणाऱ्यांजवळ काडेपेटी असतेच. देवाजी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढले, तर लांबवर धुराची रेघ! सोमारीनंच पाला पेटवला असणार. पण एकदा बांबूत शिरलं की आभाळ दिसत नाही, तिथं धूर कुठला दिसायला? दिव्यानीनं मला खिशातून काढून देवाजींच्या हाती दिलं. त्यांनी मला धुरासमोर धरलं आणि माझी सुई भलतीकडेच वळली. त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती ना! लोखंड जवळ आलं की माझी मती फिरते, आणि मला ओरडता येत नाही.

"आबाजी, कुऱ्हाड दूर ठेवा. सुई तिकडंच ओढून राह्यली," दिव्यानी म्हणाली.

कुऱ्हाड दूर गेली आणि सुई ताळ्यावर आली. धूर ईशान्येला होता. मग काय, मी पुढे आणि सारं गाव मागे.

सोमारी सापडली तेव्हा तिचे ओठ फाटले होते, डोळे मिटत होते. लेकीनं घोटभर पाणी पाजलं तशी ती पुटपुटली, "काऊन रडते वो पोरी? आली ना तू."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, लोखंडापासून जपा. आणि कुणी नुसता आकडा सांगितला, तर धावण्याआधी दिशा विचारा. पाय चहूकडे धावतात, आई मात्र एकाच दिशेला असते.