सीटखालची वायर

गाडीच्या इलेक्ट्रिशियनने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि थेट तिच्या हातात दिलं.

"हे धरा, ताई. इथंतिथं ठेवलं तर मीच विसरेन आणि मग ओरडा खाईन."

तिने ते दोन बोटांत धरलं आणि कडेवरच्या मुलीला घेऊन दोन पावलं मागे सरकली. झाकण नवंच होतं, तिनेच आणलेलं. मुलीने त्याला हात लावायला बघितलं, तसा तिने हात लांब केला.

"उघडं ठेवूनच तपासायचं?"

"उघडंच. आता टाकीच्या आत आणि बाहेर दाब सारखा. म्हणजे दाबाच्या सेन्सरचा इथला आकडा गपगुमान एका जागी बसायला हवा." त्याने डॅशबोर्डखाली जोडलेला टॅबलेट पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून उभा केला. "आणि असं असूनही तो उड्या मारायला लागला, तर झाकणाचा काही संबंध नाही. बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं म्हणायचं."

आकडा अडीच व्होल्टवर स्थिर होता. ती आकड्याकडे टक लावून बघत राहिली. तो तसाच राहावा असं तिला वाटत होतं, आणि असं का वाटतंय याचा विचार करायचं ती टाळत होती.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा आबा, म्हणजे तिचे सासरे, नुकतेच पेट्रोल भरून आले होते. तिने गॅरेजला फोन केला होता. कोणीतरी टाकीचं झाकण नीट लावत नसेल, त्याने दिवा लागतो, असं पलीकडून सांगितलं गेलं. तिने ते जसंच्या तसं आबांना सांगितलं, हसत हसत.

"लावलं होतं गं," आबा म्हणाले होते. "टक टक होईपर्यंत फिरवलं होतं."

मग दिवा पुन्हा लागला, पुन्हा विझला. गाडीत पेट्रोल भरायचं काम कायम आबांकडेच होतं आणि झाकण ते पंपावरच्या पोराला लावू देत नसत, त्यामुळे जेव्हा म्हणून दिवा लागे तेव्हा मागच्या खेपेला झाकण लावणारा हात त्यांचाच असे. नवं झाकण आणलं तरी तेच. त्यानंतर एकदा ते पंपावरून आले, घरात शिरले आणि चप्पल काढता काढता परत फिरले. तिने खिडकीतून पाहिलं. ते झाकणापाशी वाकून उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागलेलाच होता.

"गाडी चालवू नका म्हणून तूच सांग त्यांना," नवरा म्हणाला होता. "मला नाही जमणार."

तिने सांगितलं. अगदी मऊ आवाजात, पोह्याच्या बशीवर झाकण ठेवावं तसं अलगद. आता दगदग नको, आबा, मी आहे ना. आबांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि "बरं" म्हणाले. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ते किल्लीकडेच बघत राहिले, म्हणून तिने पुढे जोडलं, "घरात लहान मूल आहे, आबा."

आणि तेव्हापासून मुलीला ती त्यांच्याजवळ एकटं सोडत नव्हती. कुठेही निघाली तरी तिला कडेवर घेऊनच फिरत होती.

या वेळी पेट्रोल तिने स्वतः भरलं होतं. झाकणही स्वतः लावलं होतं. तरी दिवा लागला.

"ही बाळाची सीट कोणी बसवली?" इलेक्ट्रिशियन मागच्या दारातून डोकावून विचारत होता.

"मी."

"दणकट काम आहे. गुडघा टेकवून पट्टा ओढला ना?"

"तसाच ओढायचा असतो," ती म्हणाली. "नाहीतर सीट हलते."

"बरोबर आहे." त्याने एक गुडघा बाळाच्या सीटवर टेकवला आणि अंगाचा भार दिला.

टॅबलेटवरचा आकडा खाली कोसळला. त्याने गुडघा उचलला; आकडा वर आला. पुन्हा टेकवला, पुन्हा शून्य. पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"गंमत बघा," तो खुशीत म्हणाला. "झाकण निर्दोष सुटलं!"

मुलगी त्याच्या आवाजाला हसली.

त्याने बाळाची सीट काढली, मग मागचा सगळा बाक उचलून उभा केला. खाली, टाकीवरच्या पत्र्याजवळ, तीन वायरींचा एक जुडगा होता. त्यातली एक वायर बाकाच्या लोखंडी पायाखाली येऊन चपटी झाली होती आणि एका बाजूने सोलवटली होती. आतलं तांबं चकाकत होतं. त्याने मीटरची टोकं एकेका जागी टेकवली.

"टाकीतल्या दाबाच्या सेन्सरला पाच व्होल्ट मिळतायत. अर्थिंग ठीक. सेन्सर ठणठणीत. ही एकच वायर. बाक दाबला गेला की लोखंडाला चिकटते." तो मान वाकडी करून बघत होता. "कोणीतरी बाक उचलून खालून पट्टा घेतलाय आणि परत बसवताना वायर बाजूला केली नाही. कुठल्या गॅरेजात..."

तो थांबला. तिच्याकडे बघून त्याने मीटर उगाच पुसला.

"होतं असं, ताई. दिसतच नाही ती वायर."

बाक तिने उचलला होता. पट्टा नुसता वरून बांधणं तिला पुरेसं वाटलं नव्हतं. गॅरेजवाल्याकडून करून घेऊ, असं आबा म्हणाले होते. कोणाच्या भरवशावर नको, असं ती म्हणाली होती. सगळी दुपार तिने त्यात घालवली होती आणि आबा दाराशी मुलीला खेळवत उभे होते.

"याने आग वगैरे..."

"छे हो. नुसता दिवा लागतो. बाकी काही नाही."

"म्हणजे झाकणामुळे तो लागतच नव्हता?"

"नव्हता."

"एकदाही?"

"एकदाही नाही," तो म्हणाला, आणि तिच्या हातातलं झाकण घेऊन त्याने ते जागेवर बसवलं.

वायर जोडून, त्यावर नळी चढवून, ती बाकापासून लांब बांधून होईपर्यंत ती बाहेर येरझाऱ्या घालत राहिली. घरी पोचल्यावर काय बोलायचं ते तिने वाटेत दोन-तीनदा मनात मांडलं. प्रत्येक वेळी वाक्य लांबत गेलं.

आबा स्वयंपाकघरात होते. दूध तापवून झालं होतं. त्यांनी शेगडीचं बटण फिरवलं, वाकून बर्नरकडे पाहिलं, बटण पुन्हा चाचपलं आणि तिची चाहूल लागताच म्हणाले, "अगं, आलीस का? एकदा बघ बरं, गॅस बंद झालाय ना नीट?"

हे हल्ली रोजचं होतं. रोज ती येऊन बघे, आणि मनातल्या मनात नवऱ्याला म्हणे, बघितलंस? आज तिथे उभी राहून तिने आठवायचा प्रयत्न केला, हे कधीपासून. त्यांच्याकडून किल्ली घेण्याआधी असं ते कधी विचारत नव्हते.

"बंद आहे, आबा." तिने मुलीला खाली सोडलं. मुलगी धावत जाऊन त्यांच्या पायांना बिलगली. "आबा, गाडीचं कळलं. एक वायर दबली होती मागच्या सीटखाली. मीच दाबली होती, पिल्लूची सीट बसवताना. झाकण तुम्ही नीटच लावत होतात. प्रत्येक वेळी."

आबा ऐकत होते. लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसे, मान हलवत.

"असू दे गं."

"असू दे काय, आबा? माझी चूक होती. मी तुम्हाला काय काय बोलले."

"तू कुठे काय बोललीस? तुझा स्वभाव चांगला आहे. पण माणसाला आपलं आपल्याला कळतंच ना. परवा चष्मा कपाळावर होता आणि मी गादी उलटीपालटी केली."

"ते सगळेच करतात."

"तू नाही करत," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

तिने पर्समधून किल्ली काढून त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"टक टक ऐकली म्हणून मी सांगायचो ना तुला?" ते हळूच म्हणाले. "पहिल्यांदा नक्की ऐकली होती. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, मागच्या खेपेची आठवत असेल."

पिल्लू त्यांच्या पावलांवर आपली पावलं ठेवून चालायला बघत होती.

"चला, आबा," शेवटी ती म्हणाली. "तळ्यापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही चालवा, मी मागे हिच्याजवळ बसते."

"तूच चालव. मी बसतो मागे."

तिने आणखी दोनदा म्हणून पाहिलं. मग तिनेच किल्ली उचलली.

गाडीत तिने मुलीला सीटमध्ये बसवलं, पट्टे लावले आणि पुढे येऊन आरसा सारखा केला. आरशात आबा दिसत होते. त्यांनी आपला पट्टा लावला, हाताने चाचपला, सोडवला, पुन्हा लावला.

"अगं, बघ जरा, नीट लागलाय का?"

ती वळली. पट्टा छातीवरून सरळ, घट्ट बसला होता.

"लागलाय, आबा."

त्यांनी मान डोलावली, पण मागे टेकले नाहीत. तसेच ताठ बसून तिच्याकडे बघत राहिले. ती गाडीतून उतरली, मागचं दार उघडलं, आत वाकून पट्टा हाताने ओढून पाहिला. मग ते मागे टेकले.