ओतिलियाबाईंनी राक्षस उचलला

फिदेन्सियो कुस्तीच्या रिंगणात कायम हरणाऱ्यांपैकी. चाळिशीनंतर हरणंही झेपेना, तेव्हा मेक्सिको सिटीतल्या एका फुटकळ स्टुडिओत त्याला मंगळावरच्या राक्षसाचं काम मिळालं. अंगात रबराचा झगा, डोक्यावर भोपळ्याएवढा उघडा मेंदू. प्रयोगशाळेची भिंत फोडायची, किंचाळणाऱ्या नायिकेला उचलायचं आणि यानाकडे चालू लागायचं, एवढंच.

नायिका ओतिलियाबाई मूळच्या नाटकवाल्या, अंगापिंडानं दणकट. आवाज असा की किंचाळल्या की दिवे थरथरत.

भिंत पुठ्ठ्याची होती. फिदेन्सियोनं हात उगारला आणि ती आधीच पडली.

"चालू ठेवा!" दिग्दर्शक नाबोर ओरडले. "शेवटचं रीळ आहे!"

फिदेन्सियोनं बाईंना कवेत घेतलं, जोर लावला आणि कंबरेत कळ गेली ती थेट मेंदूपर्यंत. त्याच्या स्वतःच्या.

"बाई, कंबर गेली," तो रबराच्या आतून कण्हला.

"आत्ता?" बाई दोन किंकाळ्यांच्या मध्ये कुजबुजल्या. "मग करायचं काय?"

"मी मरतो इथंच."

"मरताय कसले! कॅमेरा चालू आहे."

असं म्हणून त्यांनी पदर खोचल्याच्या आवेशात बाह्या वर केल्या, राक्षस लेकरासारखा उचलला आणि किंचाळत किंचाळत स्वतःच यानात नेऊन ठेवला.

नाबोरनी कपाळाला हात लावला. दुसरं रीळ कुठून आणणार? त्यांनी पडद्यामागून एक वाक्य घातलं, 'मंगळवासीयांना पृथ्वीवरच्या बायका ठाऊक नव्हत्या', आणि सिनेमा लावून टाकला.

फिदेन्सियोला लाजेनं तोंड दाखवायला जागा उरली नाही. पण त्याची आई दोन्या एदुविगेस त्याला रविवारी दुपारी ओढतच थिएटरात घेऊन गेली. तो खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकून बसला. ते दृश्य आलं आणि म्हातारी ताडकन उठली.

"अगं ए, जपून! कंबर दुखावलीये त्याची! माझा फिदेन्सियो आहे तो!"

सगळं थिएटर मागे वळलं. पळावं म्हटलं तर कंबर उठू देईना. मग कुणीतरी शिट्टी मारली, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि माणसं त्याच्या नावानं ओरडू लागली. रिंगणात त्याच्या वाट्याला फक्त संत्र्याची सालं आली होती. तो खुर्चीचा हात धरून कसाबसा उभा राहिला आणि वाकला. वाकला तो तसाच राहिला.

कुणी ओळखू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधून मागच्या रांगेत बसलेल्या ओतिलियाबाई धावत आल्या. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं आईनं, आणि वरात कोपऱ्यावरच्या, चीज भरलेल्या पोळ्यांच्या, म्हणजे केसादियांच्या गाडीपाशी आली.

"लग्न झालंय का गं तुझं?" म्हातारीनं तव्यावरची सगळ्यात जाड केसादिया बाईंच्या हातात ठेवत विचारलं.

"आई!" फिदेन्सियो वाकलेल्या अवस्थेतूनच ओरडला.

"तू गप बस. मी हिच्याशी बोलतेय."

ओतिलियाबाई इतक्या हसल्या की गाडीवरचा कंदील थरथरला.